गडग्याच्या आड

गुरुवारी सकाळी रेडिओवरच्या बाईने सांगितलं, उत्तरेकडून वारा, रात्री डोंगरमाथ्यावर बर्फ, वादळाचं नाव मिरियम. एडविनने चहाचा कप खाली ठेवला.

"मिरियम? माझ्या आत्याचं नाव. म्हणजे चार दिवस मुक्काम ठोकणार आणि जाताना काहीतरी मोडून जाणार."

"आत्या मेली बिचारी. आता तरी सोड तिला," मी म्हटलं.

"मी कधीच सोडली गं पोरी. हवामानवाल्यांनी सोडली नाही."

माझी साठी उलटली तरी हा माणूस मला पोरीच म्हणतो. आमच्या खोऱ्यात सगळेच नवरे बायकांना तशीच हाक मारतात, त्यात लाडाचं काही नाही. लग्नाच्या दिवशी पाद्र्यासमोर एकदा 'डोरीन' म्हणून झालं, पुढे त्याला ते नाव फारसं लागलं नाही.

चहा संपवून आम्ही दोघं मेंढ्या खाली आणायला निघालो. यावर चर्चा झाली नाही, कारण चर्चा करण्यासारखं काही नव्हतंच. बर्फ येणार म्हटलं की मेंढ्या वरच्या शेतातून काढून खाली नदीकाठी न्यायच्या, हे या घरात मीठ-भाकरीइतकं ठरलेलं आहे. त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात एडविन शाळकरी पोर होता आणि बापाच्या मागून लांब काठी घेऊन गडग्याच्या कडेकडेने बर्फात भोसकत फिरायचा. वारा सुटला की मेंढ्या दगडी गडग्याच्या आडोशाला जाऊन बसतात आणि बर्फही नेमकं तिथंच साचतं. काठीच्या टोकाला मऊ काही लागलं की खणायचं. काही जिवंत निघाल्या, एकमेकींची लोकर खाऊन तगलेल्या. बहुतेक निघाल्या त्या काठीसारख्या ताठ. त्या वर्षी बापाने जी धास्ती घेतली ती मरेपर्यंत सोडली नाही, आणि मरताना मुलाला देऊन गेला. शेजारचा आल्विनही तेच करतो, आल्विनच्या शेजारचेही तेच करतात. आम्ही बर्फाला भिणारी माणसं. पाणी काय, रोज घराखालून वाहतं, त्याला कोण भिणार?

खालच्या त्या सपाट कुरणाला होल्म म्हणतात. त्याच्या एका अंगाने केल्ड नदी वाहते आणि दुसऱ्या अंगाला तिचं जुनं पात्र आहे, वर्षभर कोरडं, गवताने भरलेलं. होल्म हा जुन्या भाषेतला शब्द आणि त्याचा अर्थ बेट. हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं, आणि आम्ही ते शाळेतच ठेवून घरी आलो.

डिसेंबरचे पहिले दिवस होते. एडका मेंढ्यांमध्ये सोडलेला होता. त्याच्या छातीला लाल रंग फासतात, म्हणजे तो ज्या मेंढीवर चढला तिच्या पाठीवर मागच्या बाजूला लाल ठसा उमटतो आणि कुणाचं काम झालं ते लांबूनही कळतं. बहुतेकींचं झालं होतं. एडविन फाटकात उभा राहून, लाल ठसे असलेली ती पांढऱ्या तोंडाची करडी हर्डविक जातीची मेंढरं होल्मवर पसरताना बघत राहिला. त्याच्या तोंडावर जे समाधान होतं ते आमच्या लग्नातल्या फोटोत नाही.

या मेंढ्यांचं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. आमच्या डोंगराला कुंपण नाही. सगळ्या खोऱ्याची मेंढरं उन्हाळ्यात त्याच उघड्या डोंगरावर चरतात, तरी आमची मेंढी आल्विनच्या बाजूला जात नाही आणि आल्विनची आमच्याकडे येत नाही. हे त्यांना कुठल्या माणसाने शिकवलेलं नाही. आई कोकराला दाखवते, इथवर आपलं. ते कोकरू मोठं होऊन आपल्या कोकराला दाखवतं. एडविनच्या पणज्याच्या आधीपासून हे असंच चालत आलंय. म्हणून इथे शेत विकलं तरी मेंढ्या शेताबरोबरच राहतात. बाजारातून नव्या आणून डोंगरावर सोडा, संध्याकाळी त्या तिसऱ्याच खोऱ्यात सापडतील. मेली मेंढी तर विम्याचे पैसे येतात, पण डोंगर ठाऊक असलेली मेंढी विकत मिळत नाही.

रात्री बर्फ पडलं. भरपूर पडलं. शुक्रवारी सकाळी वरच्या शेतात गडग्याला कमरेएवढा ढीग लागलेला बघून एडविन घरभर शीळ घालत फिरत होता.

"बघ, काल आणल्या नसत्या तर?"

"बघितलं बाबा. तुझ्या बापाचा फोटो पुसून ठेवते."

दुपारी वारा फिरला. छपरावरचं बर्फ एकदम घसरून अंगणात धप्पकन पडलं, त्या आवाजाने आमची कुत्री फ्लाय भुंकायला लागली. बाहेर आले तर हवा कोमट, आणि पाऊस. डिसेंबरात कोमट हवा लागली की माणसाला बरं वाटतं. मलाही वाटलं.

तेवढ्यात बेरिलचा फोन आला. बेरिल पूर्वी आमच्या पोस्टात होती. निवृत्त झाल्यावर ती गावाची पूर-वॉर्डन झाली, म्हणजे बिनपगारी काम आणि एक पिवळं जाकीट. एडविन तिला पाठीमागे 'पिवळी' म्हणायचा. आमच्या टेलिफोनवर तिचा आवाज सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू येतो.

"एडविन, केल्डला केशरी इशारा दिलाय. डोंगरावरचं बर्फ वितळतंय आणि वरून हा पाऊस. तुझ्या मेंढ्या कुठे आहेत?"

"जिथं असायला हव्यात तिथं."

"म्हणजे खालीच ना?"

"बेरिल, तू पोस्टात तिकिटं विकत होतीस तेव्हा तिकिटं कशी विकायची हे मी तुला सांगायला येत होतो का?"

"येत होतास. दर सोमवारी. अंधार पडायच्या आत वर घे त्यांना."

"वर कुठं घेऊ? वर गडग्याला कमरेएवढं साचलंय. रात्री पुन्हा गोठलं म्हणजे? तू येतेस काठी घेऊन भोसकायला?"

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

"मग निदान एवढं ऐक. पाणी चढलं तर त्याच्या जवळ जाऊ नकोस. पळतं पाणी गुडघ्याला लागलं की माणूस आडवा होतो. ट्रॅक्टरसुद्धा तरंगतो."

फोन ठेवल्यावर एडविन हसला. "ट्रॅक्टर तरंगतो म्हणे. आता पोहायलाही शिकवा त्याला." अंधार पडताना तो नदीपर्यंत जाऊन आला. काठाला अजून हातभर जागा होती. पाऊस थांबेल, थंडी येईल, सकाळी बघू, असं ठरलं. तो दुसरं काय ठरवू शकला असता हे मी नंतर पुष्कळ वेळा मनात करून बघितलंय, आणि आमच्या खोऱ्यात जन्मलेल्या कुणालाही ते सुचलं असतं असं मला वाटत नाही.

शनिवारी खिडकी उघडायच्या आधीच आवाज आला. नदीचा आवाज आमच्या रोजच्या कानातला, पण हा निराळा होता. तळाचे धोंडे एकमेकांवर आपटत होते. एडविन बुटांचे बंद न बांधताच बाहेर पडला. चार चाकांच्या क्वाडबाईकवर पेंडीची पिशवी टाकली, फ्लाय मागे उडी मारून बसली, तिच्या शेजारी मी.

होल्मच्या वरच्या गडग्याशी आम्ही थांबलो. गडग्याच्या पलीकडे जुनं पात्र, जे काल संध्याकाळी एडविन कोरड्या बुटांनी ओलांडून आला होता, तिथून तपकिरी पाणी पळत होतं. नदी समोरून आली नव्हती. वरच्या वळणावर काठ फोडून ती मागच्या दाराने शिरली होती. आम्ही रात्री पुढच्या दारावर नजर ठेवून झोपलो. होल्म जवळजवळ सगळं बुडालं होतं. मधला उंचवटा तेवढा वर होता आणि त्यावर आमची सगळी मेंढरं, एकमेकींना चिकटून, पाठी वाऱ्याकडे करून. करड्या लोकरीत ते लाल ठसे तेवढे दिसत होते.

"उथळ आहे," एडविन म्हणाला. "पात्र उथळच आहे, मला ठाऊक नाही? फाटकाची दुसरी पट्टी दिसतेय बघ. मांडीएवढं असेल. एवढ्या पाण्यातून मेंढी येते."

"एडविन, पाणी पळतंय रे."

"पळू दे. अजून तासाभराने मग काहीच नाही करता येणार."

तेही खरं होतं. त्याने पेंडीची पिशवी उचलली, खळखळ वाजवली आणि हाक दिली, "होऽऽव! होऽऽव!" ही त्याची रोजची हाक. धुकं असलं तरी, मेंढ्या डोंगराच्या पाठीमागे असल्या तरी, या हाकेला त्या धावत येतात. सगळी डोकी एकदम वर झाली.

पहिली निघाली ती म्हातारी. डावा कान फाटलेली, कळपातली सगळ्यात जुनी. वसंतात डोंगर चढताना हीच पुढे असायची, बाकीच्या तिच्या शेपटामागे. ती उंचवट्यावरून खाली आली, पाण्याशी थांबली आणि आमच्याकडे बघत राहिली. एडविनने पुन्हा हाक दिली. ती पाण्यात उतरली.

दोन पावलं ती चालली. मग तिचे पाय सुटले. प्रवाहाने तिला आडवी केली, थंडीतली ती जडशीळ लोकर पाण्याने भरली, आणि खालच्या वळणावरच्या काटेरी झुडपांमागे ती दिसेनाशी झाली. ओरडलीसुद्धा नाही. आणि तिच्या मागच्या तोवर पाण्यात उतरल्याही होत्या. पुढचीचं काय झालं हे मेंढी बघत नाही, पुढचीचं शेपूट बघते.

"मागे! मागे फिरा! हट्! मागे!" एडविन ओरडायला लागला.

मेंढ्यांना शब्द कुठले कळायला? त्यांना आवाज कळतो, आणि तो आवाज पेंडीचा होता. तो जितका जीव तोडून ओरडत होता तितक्या त्या घाईने येत होत्या. एकामागून एक उतरत होत्या आणि एकामागून एक आडव्या होत होत्या. मी त्याच्या तोंडावर हात दाबला. जोरात दाबला, त्याचे दात माझ्या तळव्यात रुतले. पिशवी त्याच्या हातातून पडली. तो गप्प झाला, आणि काठाशी आलेल्या मेंढ्या थबकल्या. डोकी वर करून आमच्याकडे बघत राहिल्या, आता पुढे काय म्हणून.

मी हात काढला तसा त्याने गडग्यावर एक पाय टाकला. मी त्याचा पट्टा धरला.

"सोड."

"नाही सोडत."

"डोरीन, सोड मला. माझ्या आवाजाने गेल्या त्या."

त्याने माझं नाव घेतलं तेव्हा मला खरी भीती वाटली.

"हो, तुझ्याच आवाजाने गेल्या," मी म्हटलं. असं कुणाला म्हणू नये, पण मऊ बोलून हा माणूस खाली उतरला नसता. "आणि आता तू पाण्यात उतरलास की उरलेल्या तुझ्याकडे येतील. तुला बघून येतील. तेवढ्या तरी ठेव."

तो पाय काढून खाली आला. गडग्याला दोन्ही हात टेकून, मान खाली घालून उभा राहिला. मग म्हणाला, "ट्रॅक्टर काढतो."

वरच्या वाटेने बेरिल चालत येताना दिसली. पिवळं जाकीट, हातात काठी, खांद्याला दोराची पिशवी, चिखलाने मांडीपर्यंत माखलेली. तिने आधी एडविनला बघितलं, मग होल्मकडे बघितलं.

"ये," एडविन म्हणाला. "काल सांगितलंस तसंच झालं. झालं समाधान?"

"नाही रे."

"बचाववाल्यांना बोलव मग. होडी घेऊन येऊ देत."

"पूल पाण्याखाली गेलाय. होडी खालच्या गावात आहे, वृद्धाश्रमात पाणी शिरलं. तिथल्या म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन बाहेर काढतायत." तिचा आवाज बसला होता. "मेंढ्यांचं मी सांगितलं त्यांना. सांगायची लाज वाटली, तरी सांगितलं. येणार नाहीत आज."

"मग माझा ट्रॅक्टर आहे."

"एडविन, मी मेंढ्यांसाठी नाही आले. तुझ्यासाठी आलेय. तू ट्रॅक्टर घालून त्यात वाहून गेलास तर मला तुझ्यासाठी माणसं बोलवावी लागतील. ती येतील. म्हाताऱ्यांना तिथं ठेवून येतील, कारण तू जिवंत असशील अशी आशा असेल. सांग, बोलवू?"

एडविनने तिला एक शिवी दिली. मी ती इथे लिहीत नाही. बेरिलने ती ऐकून घेतली आणि डोळे पुसले. पावसाने भिजले होते म्हणून पुसले असं ती नंतर सांगायची.

इतका वेळ मी मेंढ्यांकडे बघत होते. "एडविन," मी हळूच म्हटलं, "त्या आपल्याकडे बघतायत."

काठाशी थांबलेल्या होत्या त्या मागे फिरल्या नव्हत्या. तिथंच उभ्या होत्या, आणि बाकीच्याही उंचवटा सोडून त्यांच्या मागे यायला लागल्या होत्या. आम्ही काही न बोलता नुसते उभे होतो तरी. माणूस गडग्याशी उभा आहे म्हणजे पेंड मिळणार, एवढंच त्यांना जन्मापासून ठाऊक. एक कोवळी मेंढी, पहिल्यांदाच लाल ठसा लागलेली, पुढचा पाय पाण्यात घालून बघत होती.

"खाली बसा," मी म्हटलं. "सगळे खाली बसा."

आम्ही तिघं गडग्याच्या आड चिखलात बसलो. फ्लाय कण्हत होती. तिला सोडलं असतं तर ती गेली असती, मेंढ्या आणायला तिला कुणी सांगावं लागत नाही. बेरिलने दोराचं टोक तिच्या गळ्यात बांधलं. "हिला मी नेते. मला आल्विनकडे जायचंय, त्याचंही होल्म बुडालंय. तुम्ही दोघं घरी जा. इथं बसू नका."

"मी घरी जाणार नाही," एडविन म्हणाला.

"मग पाण्याकडे तरी जाऊ नकोस."

"जा तू बेरिल."

ती वाकून वाकून, मेंढ्यांना दिसणार नाही अशी, कुत्रीला ओढत वर निघून गेली. क्वाडबाईक तिथंच बंद ठेवली होती, कारण तिच्या इंजिनाचा आवाजही पेंडीचाच. ट्रॅक्टरचाही. हे एडविनच्या डोक्यात शिरलेलं मला त्याच्या तोंडावर दिसलं. इतक्या वर्षांत त्याने त्या मेंढ्यांना जे जे शिकवलं होतं ते सगळं आज त्यांना मारायला उठलं होतं.

"ऐक," तो म्हणाला. "त्या उभ्या आहेत तोवर मी इथं बसतो. उंचवट्यावर पाणी चढून त्या पडायला लागल्या की मी जाणार. मग तू मधे यायचं नाहीस."

मी हो म्हटलं.

गडग्याच्या तळाशी एक चौकोनी भोक असतं, कोकरांना या शेतातून त्या शेतात जाता यावं म्हणून ठेवलेलं. मी पालथी पडले आणि त्यातून बघायला लागले. एडविन गडग्याला पाठ लावून बसला. भोक एकच आणि त्याला बघायचं नव्हतं. पण त्याला कळायला हवं होतं.

"काय करतायत?"

"मागे गेल्या. उंचवट्यावर गेल्या परत."

"सगळ्या?"

"हो. ती कोवळीपण गेली."

त्याने श्वास सोडला. मला वाटलं जमलं. खरंच वाटलं. पाऊसही जरा कमी झाला होता. आपण इथून दिसलो नाही, आवाज केला नाही, नदीने थोडी दया केली, तर संध्याकाळपर्यंत निभावून जाईल. त्यांच्यासाठी आम्ही करू शकत होतो ते एवढंच, की तिथे नसल्यासारखं राहायचं.

"एडका कुठंय?"

"मधोमध. त्याला काय, चैन आहे. सगळ्या बायका भोवती."

तो हसला, म्हणजे हसल्यासारखा आवाज केला. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हातारीला मी चुलीपाशी वाढवली होती. आठवतं? तिची आई मेली होती. बाटलीने दूध पाजलं."

"आठवतं. माझ्या चांगल्या गालिच्यावर घाण करून ठेवायची."

"ती मला बघून आली गं."

मला सगळ्यांचाच राग आला होता. एडविनचा, त्याच्या मेलेल्या बापाचा, आणि बेरिलचा, कारण तिचं म्हणणं खरं ठरलं होतं. सगळ्यात जास्त राग त्या मेंढ्यांचा, की एवढ्या शहाण्या, डोंगराचा एकेक दगड ओळखणाऱ्या, आणि यांना आपल्या मागून चढणारं पाणी कळू नये.

पाणी चढत होतं. गवताचा एक पट्टा होता तो नाहीसा झाला. चाऱ्याची लाकडी गव्हाण तरंगून फिरायला लागली. कडेच्या मेंढ्यांचे खूर पाण्यात आले तशा त्या आत ढकलायला लागल्या, आणि त्यांच्या ढकलण्याने पलीकडच्या कडेवरच्या मेंढ्या पाण्यात जायला लागल्या. त्या ओरडत होत्या. नदीच्या आवाजातूनही ऐकू येत होतं. एडविनने दोन्ही हात कानांवर ठेवले, मग काढले.

"सांग ना."

"दाटीवाटीने उभ्या आहेत. ढकलाढकली चाललीय."

"पाणी?"

"खुरांना लागतंय कडेच्यांच्या."

हे सांगताना मी पाण्याची उंची थोडी कमी केली. मग दर वेळी थोडी थोडी कमी करत गेले. तो विचारत होता, मी सांगत होते. पाण्याने मधल्यांची पोटं गाठली होती तेव्हा मी खूर म्हणत होते. गडग्याचा दगड माझ्या गालाला लागत होता आणि गाल बधिर झाला होता. ती कोवळी मेंढी मला शेवटपर्यंत वेगळी ओळखता येत होती. तिने तोंड आमच्या गडग्याकडेच केलेलं होतं. त्या बाजूला कुणी दिसत नव्हतं, तरी.

मग ज्या बाजूने पाणी जोरात होतं ती सगळी कड एकदम सुटली. लोकरीची एक करडी सलग चादर ओढून काढावी तशा त्या गेल्या. एडक्याची शिंगं जरा वेळ दिसली. लाल ठसे दिसले, वळले, झुडपांकडे गेले. समोर नुसतं पाणी राहिलं, आणि जिथे उंचवटा होता तिथे पाण्याला एक उकळी.

एडविनचा श्वास माझ्या डोक्यामागे ऐकू येत होता. त्याचे बूट चिखलात सरकले. उठण्याआधी गुडघ्यावर हात ठेवतो तसा त्याने ठेवला असणार, तो आवाज मला चाळीस वर्षं ठाऊक आहे.

"डोरीन? काय झालं?"

"काही नाही. उभ्या आहेत."

"आवाज का येत नाही त्यांचा?"

"तू दिसत नाहीस ना आता. म्हणून गप्प झाल्यात. बस तू खाली. तू उठलास तर येतील."

बऱ्याच वेळाने चिखलात पुन्हा बसल्याचा आवाज आला. त्याची पाठ गडग्याला टेकली. "बरं," तो म्हणाला, आणि पुन्हा एकदा म्हणाला, "बरं. नाही उठत मी."

त्याला कळलं होतं की नव्हतं हे मी त्याला आजपर्यंत विचारलेलं नाही. मी भोकातून बघत राहिले. बघण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं, पण तोंड वळवलं असतं तर ते त्याला दिसलं असतं.